उभ्याने घेतलेलं माप

आसगाव, ता. पवनी
१६ सप्टेंबर १९७९

भाऊ,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही. घरचं नाव दिसलं तर तू पाकीट फोडणार नाहीस असं वाटलं. पण मग हे फसवणं झालं असंही वाटतंय, म्हणून लगेच सांगते. मी रुखमा, तुझी बहीण. पुढे वाचायचं की नाही ते तू ठरव.

तुझा पत्ता मारोतरावांनी दिला. ते आमच्याकडचे वनरक्षक आहेत. त्यांचा भाचा कामठीच्या छावणीत आहे. त्याचे बूट जिथे दुरुस्त होतात तिथे तू बाबूलाल उस्तादांच्या हाताखाली बसतोस, असं त्याने सांगितलं. घरी हे फक्त आईला माहीत आहे. कुणब्याच्या पोराने चामड्यात हात घातला म्हणून गावात बोलतील, अशी तिला आधी काळजी वाटली. मग म्हणाली, "उपाशी तं नाई ना तो?"

तू गेलास तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आता वीस. मॅट्रिक झाले. तू घरीच बाराखडी आणि पाढे शिकवलेस म्हणून मला शाळेत एकदम तिसरीत घेतलं होतं, ते तुला आठवत असेल. दोन हंगामांपासून मी जंगल खात्याच्या बीज केंद्रावर रोजीने जाते. जंगलातल्या चांगल्या सरळ सागांना नंबर दिले आहेत. बाबा आणि गोपीचंदकाका त्यांच्यावर चढून फळं उतरवतात आणि मी प्रत्येक पोत्याला झाडाच्या नंबराची चिठ्ठी बांधते. एका झाडाचं बी दुसऱ्यात मिसळलं तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून प्रत्येक चिठ्ठी मी तीनदा वाचते. गोपीचंदकाका मला चष्मेवाली मास्तरीण म्हणतात. मला चष्मा नाही.

आता कामाचं. यंदा नवा हुकूम आला आहे. एक डिसेंबरपासून कोणी अनवाणी झाडावर चढायचं नाही. गेल्या हंगामात दुसऱ्या रेंजमध्ये एकाचा तळपाय वरच फाटला आणि तो पडला, त्यावरून हे झालं. बूट ज्याचे त्याने आणायचे. बूट नाहीत तर काम नाही.

बाबा चौपन्न वर्षांचे आहेत. ते म्हणाले, "तीस वर्सं उघड्या पायानं चढलो. बूट घालून चढणारा एकच पाह्यला. त्याचं काय झालं तेही पाह्यलं."

तो एकच म्हणजे तू. त्या दिवसाबद्दल मी आज काही लिहिणार नाही.

आता झाड सोडा, असं मी बाबांना म्हणून पाहिलं. ते ताटावरून उठले. आई मला म्हणाली, "त्यायले झाडावून उतरवशीन, तं मंग ठेवशीन कुठी?"

म्हणून तुला विचारते. झाडावर चढणाऱ्या माणसाला कसे बूट घ्यावेत? जाड तळाचे की पातळ? घोट्यापर्यंत की त्याच्याही वर? चामड्याचे की सैनिकांचे असतात तसे कापडी? टिकाऊ असावेत आणि पायाला जाचू नयेत, एवढंच मला कळतं. सागाची साल कशी असते ते तुला सांगायला नको. मी निवडलेले बूट घालून बाबा साठ फुटांवर जातील आणि खाली मी चिठ्ठ्या घेऊन उभी असेन. मला झोप येत नाही.

उत्तर घरी पाठवू नकोस. मारोतरावांच्या नावे बीज केंद्रावर पाठव.

रुखमा


४ ऑक्टोबर १९७९

भाऊ,

तुझं कार्ड मिळालं. "मी सैनिकांचे जोडे शिवतो, झाडावर चढणाऱ्यांचे शिवत नाही. भंडाऱ्यात दुकाने आहेत." एवढंच. तरी तुझं अक्षर पाहून बरं वाटलं. 'झ' अजून तसाच काढतोस.

तू म्हणालास म्हणून भंडाऱ्याला गेलो, मी आणि गोपीचंदकाका. बाबा आले नाहीत. मी प्रत्येक बुटाचा तळ वाकवून पाहिला, शिवण नखाने ओढून पाहिली, आत हात घालून खिळ्याचं टोक लागतं का तेही पाहिलं. दुकानदार कंटाळला.

"बाई, जोडा पाहून राहिली का नवरा?"

काका म्हणाले, "नवरा असता तं इतला वेळ नसता लागला शेटजी. हा जोडा झाडावर चढते का ते सांगा."

"जोडा कायले चढीन? चढणारे तुम्ही."

"मंग आम्हीच चढतो, जोडा तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या."

मी शेवटी सगळ्यांत जड जोड निवडला. काळं जाड चामडं, टाचेला लोखंडी नाल, पोलिसांचे असतात तसा. दहा वर्षं फाटणार नाही असं दुकानदार म्हणाला आणि मी फक्त तेवढंच ऐकलं. नाही पटला तर परत घेईन असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं, हे एक बरं केलं.

बाबांनी त्याला हात लावला नाही. शेवटी काकांनीच घातला आणि आपल्या अंगणातल्या जांभळीवर चढून पाहिलं. पुरुषभर गेले आणि खोडाला मिठी मारून सरळ खाली आले. सदऱ्याच्या दोन गुंड्या सालीतच राहिल्या. नाल सालीवर घासत होता आणि तळ इतका ताठ की पायाखाली फांदी आहे की हवा, हे त्यांना कळेना.

बाबा ओसरीवरून पाहत होते. म्हणाले, "बैलाले नाल ठोकला म्हणून बैल झाडावर चढते का गा?"

सगळे हसले. मीही हसले. मग काका पायातून बूट काढत म्हणाले, "जोड्याचा काई गुन्हा नाई तुलाराम. त्या दिवशी जागेश्वरच्या जोड्याचाही नव्हता. पोट्ट्याचा पायच डरला होता."

काकांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांचा डावा हात अजून कोपरापाशी वाकडाच आहे, तरी तुझ्यावर त्यांचा राग नाही. बाबा उठून गाईकडे गेले.

मला पुढे लिहिता येत नाही. बूट उद्या परत जातील.

रुखमा


७ ऑक्टोबर १९७९

भाऊ,

परवाच्या पत्रात जे राहिलं ते आज लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून खाडाखोड तशीच ठेवते.

तू पहिल्यांदा बाबांबरोबर सागावर चढणार होतास, त्या दिवशी सकाळी मी लवकर उठले होते. पवनीच्या बाजारातून आणलेले तुझे बूट छपरीत ठेवलेले होते. नवे होते, कडक होते, आणि आदल्या दिवशी तू म्हणाला होतास की चावतात. आई बैलाच्या जुवाचा पट्टा मऊ करायला टोरीचं तेल लावते हे मी पाहिलं होतं. मोहाच्या बियांचं ते तेल चामड्यात कसं मुरतं तेही पाहिलं होतं. मी वाटीभर घेतलं आणि तुझे बूट चोळले. वरून चोळले. आतून चोळले. आणि खालून, तळालाही चोळले. खालीही चामडंच होतं, म्हणून तेही मऊ व्हावं असं वाटलं. मग फडक्याने पुसले, म्हणजे तुला कळू नये. तुला नुसतंच बरं वाटावं, असं माझ्या मनात होतं.

तू दुसऱ्या बेचक्यावरून घसरलास आणि खाली उभ्या असलेल्या काकांच्या अंगावर पडलास. काकांचा हात मोडला. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले की तू भिऊन हात सोडलास. तू म्हणालास, पाय सरकला. बाबा म्हणाले, भेकड माणसाचाच पाय सरकतो. आठ दिवसांनी तू घर सोडलंस.

मी तेव्हा बोलले नाही. पहिल्या दिवशी मार बसेल म्हणून भ्याले. नंतर, इतके दिवस का नाही सांगितलंस असं विचारतील म्हणून भ्याले. मग वर्षं गेली. लोक मला फार काटेकोर म्हणतात, भाऊ. एक चिठ्ठी तीनदा वाचते म्हणतात. मी तशी का झाले हे त्यांना माहीत नाही.

तू झाडावर चढणाऱ्यांचे जोडे शिवत नाहीस याचं कारण मी आहे. तू भेकड नव्हतास. तुझ्या तळाला तेल होतं.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

रुखमा


२४ ऑक्टोबर १९७९

भाऊ,

पाकीट मिळालं. मारोतरावांनी हातात दिलं तेव्हा मी ते दुपारपर्यंत फोडलं नाही. फोडलं तेव्हा आत दोन पानं होती आणि पहिलीच ओळ होती: "तेल वरच्या चामड्याला लावतात, तळाला लावत नाहीत. हे आता लक्षात ठेव." मी हसले आणि मग बराच वेळ पोत्यांच्या मागे जाऊन बसले.

पुढचं सगळं पत्र बुटांबद्दलच आहे. तेही बरं झालं. बोटांपाशी तळ इतका लवचीक हवा की फांदी कळली पाहिजे, टाच वेगळी आणि उठावदार कडेची असावी म्हणजे पायाखालचा दोर घसरून मागे जात नाही, घोटा झाकलेला असावा, नाडीचं टोक लोंबायला नको कारण ते डहाळीत अडकतं. हे सगळं मी वेगळ्या कागदावर उतरवून काकांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हा कोण शायना आहे गा? झाडावर ऱ्हाते का हा?" मी म्हटलं, कामठीचा एक कारागीर आहे. ते खोटं नव्हतं.

तू विचारलंस की बाबांच्या तळपायाला घट्टा कुठे आहे. मी आईला पाहायला सांगितलं. टाचेला नाही, चवड्यालाही नाही. मधल्या खोलगट भागात आहे, टाचेच्या थोडा पुढे. चढताना दोराचा फासा पायाखाली असतो आणि सगळं अंग त्याच भागावर तोललेलं असतं. दुसरा घट्टा आहे तो पावलाच्या आतल्या कडेला, खोड दोन पावलांमध्ये धरून धरून झालेला.

पण मापाचं अडलं आहे. तू लिहिलंस, माप उभ्याने, संध्याकाळी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. बाबांना म्हटलं तर म्हणाले, "माप मुर्द्याचं घेतेत, बाई. मी अजून जिता आहो."

मग मी धानाच्या बांधीतल्या चिखलात उमटलेली त्यांची पावलं दोरीने मोजली. अकरा मोजली आणि अकरांची मापं वेगवेगळी आली, कारण चिखलात पाय सरकतो. आईने दुपारी ते झोपल्यावर कागद लावून पाहिला, पण झोपलेल्या पायावर भार कुठला? दोन्ही मापं फेकून दिली. चुकीचं माप पाठवण्यापेक्षा न पाठवलेलं बरं.

आज पाच आठवडे आणि तीन दिवस राहिले. बाबांना कागदावर उभं करायचं तर बूट कोण करतंय ते सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर तेलाचंही सांगावं लागेल. नाहीतर ते तुझ्या हातचे बूट कधीच घालणार नाहीत. मी सांगणार आहे. आज नाही. या आठवड्यात.

रुखमा


३ नोव्हेंबर १९७९

भाऊ,

सोबत दोन कागद आहेत, डावा आणि उजवा. हे माप खरं आहे.

परवा खळ्यावर धानाचे भारे रचत होतो. आई पाणी आणायला गेली होती. मी सांगून टाकलं. आधीपासून जुळवून ठेवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. "बाबा, भाऊच्या बुटाच्या तळाला मी टोरीचं तेल लावलं होतं," एवढंच तोंडातून निघालं.

बाबांनी हातातला भारा खाली ठेवला नाही. तो रचला, मग दुसरा रचला. मी तिथेच उभी होते.

मग म्हणाले, "वाटीभर?"

"हो."

"पुसला होतास?"

"हो."

"पुसल्यावर तं आणखीनच सटकते," ते म्हणाले आणि खाली बसले.

मला वाटलं होतं रागावतील. ते माझ्यावर नाही रागावले. कोणावर रागावले तेही मला कळलं नाही. झाडांकडे पाहत होते. मग म्हणाले, "त्यानं सांगतलं होतं, पाय सरकला म्हणून. मी त्याचं आयकलं नाई."

घरी जाताना ते सरळ गोपीचंदकाकांकडे वळले. मी मागे गेले. आत काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण काका मोठ्याने म्हणालेले रस्त्यापर्यंत ऐकू आलं, "म्हणजे नऊ वर्सं मी फुकटचा शायनपणा केला! आणि ते मास्तरीण रोज माह्यासमोर चिठ्ठ्या बांधते!" मग मला आत बोलावलं आणि वाकडा हात माझ्यापुढे धरला. "पाह्य, माहा हात तुह्या तेलानं मोडला. आता जिंदगीभर माह्या भाजीत तेल कमी टाकजो नको." काकू ओरडल्या. काका हसत होते, पण त्यांचे डोळे ओले होते, हे मी पाहिलं.

काल संध्याकाळी बाबा स्वतःच ओसरीवर आले. "कुठी आहे तुहा कागद?"

मी अंथरला.

"कोण करून राहिला बूट?"

"भाऊ."

त्यांनी पाय धुतले, पुसले, बोटं नीट पसरली आणि कागदावर उभे राहिले. पेन्सिल सरळ धर, तिरपी धरली तर माप खोटं येते, असं त्यांनीच मला सांगितलं. मी दोन्ही पाय तीनदा काढले. डावा उजव्यापेक्षा थोडा मोठा आहे, ते तू पाहशीलच. अंगठा बाजूला फाकलेला आहे, तो चुकून तसा आलेला नाही.

रुखमा


२ डिसेंबर १९७९

भाऊ,

मारोतरावांचा भाचा सुटीवर आला आणि पिशवी देऊन गेला. आत पत्र नव्हतं. मी पिशवी उलटी करूनही पाहिलं.

बूट आईने आधी हातात घेतले. तिला तर ते नुसते बूट दिसत नव्हते, ती त्यांवरून हात फिरवत राहिली. घोट्यापर्यंत मऊ चामडं आहे, आतल्या कडेला दुहेरी पट्टी, तळाला पातळ रबर आणि त्याला आडव्या चिरा. तळ मी बोटांपाशी वाकवला तर वाकला. मध्ये वाकवला तर वाकला नाही. भाच्याने सांगितलं की तिथे तू लोखंडाची पट्टी घातली आहेस, दोराचा फासा पायाला कापू नये म्हणून. उस्तादांनी बाबांच्या कागदावरून लाकडी पाय कोरून दिला आणि त्यावर बूट चढवून तू ते शिवलेस, हेही त्यानेच सांगितलं. उस्ताद म्हणाले म्हणे, असा पाय त्यांनी छावणीत एकही पाहिला नाही.

बाबा पंधरा दिवस बूट घालूनच फिरले. खळ्यावर, बांधावर, दुकानात. आसगावात धान कापायला बूट घालून जाणारा माणूस कोणी पाहिला नव्हता. लोक विचारायचे, "काहून गा तुलाराम, फौजेत भरती होऊन राहिला का?" बाबा म्हणायचे, "पायाले सवय करून राहिलो." सवय झाल्याशिवाय वर जायचं नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं.

काल पहिला दिवस होता. सत्तावीस नंबरचा साग. मारोतराव होते, काका दोर धरून होते. मी चिठ्ठ्या हातात घेतल्या होत्या, पण वाचता येत नव्हत्या. बाबांनी खोडाला पाय लावला, दाबून पाहिला, काढला, पुन्हा लावला. मग चढायला लागले. पहिल्या बेचक्यापाशी थांबले. मला वाटलं उतरतात. पण तिथे उभं राहून त्यांनी दोन्ही पाय फांदीवर असे मागेपुढे केले, जणू फांदीला विचारत होते. मग दुसरं बेचकं. तिथे मी डोळे मिटले. काका म्हणाले, "डोये उघड व मास्तरीण, गेला तो वर."

ते शेंड्यापर्यंत गेले. वरून फळं पडायला लागली तशी मी पहिली चिठ्ठी वाचली. नंबर बरोबर होता. दिवसभरात बाबांनी तीन झाडं केली. खाली उतरल्यावर मारोतरावांनी बूट पाहायला मागितले, तर म्हणाले, "पोरानं केले." कोणत्या पोराने, असं कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं.

आता एक निरोप आहे. काल संध्याकाळी बूट काढताना बाबा म्हणाले, "डाव्या पायाची करंगळी दाबते. लिही त्याले."

मी घाबरले. लगेच त्यांना पुन्हा बूट घालून उभं केलं आणि करंगळीपाशी अंगठ्याने दाबून पाहिलं. चांगली जागा आहे. दोनदा पाहिलं. करंगळी लाल नव्हती, फोड नव्हता. मी तसं म्हटलं.

"पाय माहा का तुहा?"

"मग परत पाठवू का बूट?"

"पाठवून काय होते? इथी उभं राहून दाबत नाई, चढतानी दाबते. ज्यानं केले त्यानं झाडाखाली उभं राहून पाह्याव लागीन."

आई आत चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पाह्याव तं लागीनच बापा. करंगळीचं काम आहे." आणि जोरजोरात चूल फुंकायला लागली.

तिथे काही दाबत नाही, भाऊ, हे मला माहीत आहे, आणि जे नाही ते लिहायला माझा हात तयार होत नाही. पण निरोप त्यांचा आहे आणि तो सांगितला तसाच कळवायला हवा. म्हणून कळवते, बाबांची डावी करंगळी दाबते. फळं संक्रांतीपर्यंत उतरतील. पवनीहून आसगावला सकाळची बस आहे आणि ती वडाच्या झाडापाशी थांबते. मी रोज तिथूनच केंद्रावर जाते.

रुखमा